कारणाचा रकाना

अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फात, आमच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये इंटरनेटची खोली सुरू झाली ती माझ्या हट्टामुळे. कंपनी लोखंडी फॅब्रिकेशनची होती. टाक्या, पाइपांचे सांगाडे, तेल कंपन्यांना लागणारे जिने आणि कठडे असलं काम. मी तिथला एकुलता एक कॉम्प्युटरवाला. नव्वदचं दशक संपता संपता पुण्याहून आलो होतो. बायको आणि मुलीबरोबर अबुधाबी शहरात दोन खोल्यांत राहायचो आणि रोज कंपनीच्या बसने मुसफ्फाला जायचो. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर बदलायची वेळ आली, तेव्हा ते भंगारात घालण्यापेक्षा कॅम्पात ठेवू, माणसं घरी मेल करतील, असं मी सुचवलं. कुणी नाही म्हटलं नाही. स्टोअरची एक रिकामी खोली मिळाली. सहा मशिनं, दोन बाकडी आणि खिडकीत बसवलेला एक खडखडणारा एसी.

पहिले काही महिने मी इतका खूश होतो की सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा तिकडे जायचो. ड्यूटीवरून आलेली माणसं आंघोळ करून, केस विंचरून, जणू कुणाकडे पाहुणे निघाल्यासारखी त्या खोलीत यायची. बहुतेकांना टाइप करता येत नव्हतं. ज्याला यायचं तो दुसऱ्यांचं करून द्यायचा. गावाकडे कुणाचा तरी भाऊ, कुणाचा मेहुणा तालुक्याच्या सायबर कॅफेत जाऊन उत्तर पाठवायचा.

तिथेच मला तो वेल्डर भेटला. मी टेबलाखाली आडवा होऊन एक वायर बसवत होतो आणि ती बसत नव्हती म्हणून तिला मराठीत शिव्या घालत होतो. वरून आवाज आला, “साहेब, मराठी व्हय तुमी?”

मिरजेजवळच्या एका गावाचा होता. तिशीच्या आत-बाहेर. हातांवर ठिणग्यांचे बारीक बारीक डाग. शॉपमध्ये, म्हणजे आमच्या वर्कशॉपमध्ये, त्याच्या कामाला मान होता. वेल्डिंगचे एक्स-रे काढून तपासणी व्हायची, तेव्हा त्याची शिवण क्वचितच फेल जायची. फोरमन अवघड जोड त्याच्यासाठी राखून ठेवायचा. बोलायला मात्र बुजरा. मी त्याला मेलचं खातं उघडून दिलं. एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत, तो मराठी लिहायचा. मेहुण्याचं मिरजेत झेरॉक्सचं दुकान होतं, तिथे मेल जायची. एके दिवशी मेहुण्याने फोटो स्कॅन करून पाठवला. वेल्डर इकडे आल्यावर जन्मलेला मुलगा, आईच्या मांडीवर. फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी छताचे पत्रे दिसले, मग तिचं कपाळ, मग मुलगा. वेल्डरने पडद्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

“पुसलं न्हाई ना जानार हे?”

“नाही जाणार. कधीही येऊन बघा.”

त्यानंतर तो रोज यायचा. मेल असो नसो, फोटो उघडून पाच मिनिटं बघायचा आणि पुढच्याला जागा करून द्यायचा.

मग एका शुक्रवारी कॅम्पच्या सुपरवायझरला एका पडद्यावर नग्न बाईचं चित्र दिसलं. कोण बसलं होतं ते कळलं नाही, तो पळाला होता. देशातल्या सगळ्या इंटरनेटवर सरकारची स्वतःची चाळणी होतीच. नको त्या पानाऐवजी तिचा ठरलेला निरोप यायचा. पण तिच्यातूनही काही ना काही गळून खाली यायचं. सुपरवायझरने तक्रार केली आणि गोष्ट वरपर्यंत गेली.

त्याच महिन्यात आमच्या घरी एक प्रकार झाला होता. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. शाळेच्या प्रोजेक्टसाठी समुद्रातल्या प्राण्यांची चित्रं शोधत बसली होती. बायको स्वयंपाकघरात होती. अचानक पडद्यावर एकामागून एक तसल्याच चित्रांच्या खिडक्या उघडायला लागल्या, बंद करेल तशा आणखी. मी घरी आलो तेव्हा मुलगी सोफ्याच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. “आय डिडन्ट डू एनिथिंग, पपा,” एवढंच ती म्हणत राहिली. बायकोने भिंतीतून प्लगच उपसून ठेवला होता. “तू कॉम्प्युटरचाच माणूस ना?” ती मला म्हणाली. “मग कर की काहीतरी.”

त्यामुळे आमच्या प्रशासन मॅनेजरांनी मला बोलावलं, तेव्हा मी मनाने आधीच त्यांच्या बाजूचा होतो.

“रूम बंद कर देते हैं,” ते म्हणाले. “खलास. झंझट ही नहीं.”

“बंद मत कीजिए सर. घरवालों से बात करते हैं लोग.”

“तो फिर गारंटी दो. कल कोई नाबालिग लड़का अंदर बैठा मिला तो? पुलिस मुझे पूछेगी.”

मी दोन दिवस मागितले आणि एक योजना लिहून आणली. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने लेबर कार्ड दाखवायचं. कार्डाला सगळे अरबीतला शब्द घेऊन बताका म्हणत. एकवीस वर्षं पूर्ण असतील तरच प्रवेश. बताक्याची फोटोकॉपी फाइलला. रजिस्टरमध्ये नंबर, मशीन, वेळ. प्रत्येक मशीनवर एक सॉफ्टवेअर, ज्यात अडवायच्या शब्दांची यादी. असा शब्द आला की लाल पाटी यायची: हे पान प्रौढांसाठी आहे, काउंटरवर वय दाखवा आणि कारण लिहा. कारण योग्य असेल तर काउंटरवरून पान उघडून मिळेल. रजिस्टरमध्ये त्यासाठी शेवटचा एक रकाना आखला होता.

हा शेवटचा भाग माझा स्वतःचा होता. मॅनेजरांना तर सरसकट बंदी चालली असती. मीच म्हणालो, सर, मोठ्या माणसांना मोठ्यांसारखं वागवायला हवं, त्यांना एक रस्ता ठेवू. मॅनेजर हसले.

“कौन आएगा कारण लिखवाने?”

“कोई नहीं आया तो भी रस्ता तो है ना, सर.”

“ठीक है. और रोज़ की रिपोर्ट?”

“सिर्फ आप और मैं देखेंगे.”

“इन्शाल्ला,” ते म्हणाले आणि सही केली.

यादी मी एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत पुरी केली. सॉफ्टवेअरबरोबर आलेली होतीच, मी तिच्यात भर घातली. शरीराच्या अवयवांची नावं, त्यांची बोलीतली रूपं, हिंदीतले शब्द इंग्रजी अक्षरांत. डबा उघडा होता, पोळी-भाजी खात खात मी लिहीत होतो. एकेक शब्द लिहिताना मुलीचा तो चेहरा समोर यायचा आणि मी आणखी एक शब्द घालायचो. हे शब्द डॉक्टरही वापरतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. चांगलं काम करत असल्याचं समाधान होतं, आणि त्या समाधानात मी दोन वेळा यादी वाचून आणखी लांबवली.

काउंटरवर कॅम्पच्या टाइमकीपरला बसवलं. हजेरी तोच घ्यायचा, सगळ्यांना नावानिशी ओळखायचा, म्हणून तो सोयीचा वाटला. पहिल्या आठवड्यात फोटोकॉपींची चळत माझ्याकडे आली. चाळताना गंमत वाटली. आमच्या बाजूच्या निम्म्या माणसांची जन्मतारीख एक जून. गुरुजींनी शाळेत घालताना ठोकून दिलेली. इतर प्रांतांतल्या कित्येकांची एक जानेवारी. मेसमधला पांढऱ्या केसांचा आचारी कागदावर त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि ज्यांची वयं खरोखर कमी होती त्यांची एजंटाने पासपोर्टावर कधीच वाढवून ठेवली होती. आम्ही ज्या वयाची पडताळणी करत होतो ते वय कुणाचंच नव्हतं. तरी मी त्या सगळ्यांवर ‘व्हेरिफाइड’ असा शिक्का मारला, कारण कागद व्यवस्थित होते.

खोलीतली गर्दी हळूहळू ओसरत गेली. टाइमकीपर मोठ्याने नंबर वाचून लिहायचा, तू काल पण आला होतास, असं विचारायचा. काहींना वाटायचं की मेलमध्ये लिहिलेलंही साहेबाला दिसतं. ते दिसत नव्हतं, पण पटवणार कोण? बाजारातल्या सायबर कॅफेतही बताक्याची कॉपी मागायला लागले होते. माणसांनी पुन्हा घरी कॅसेट आणि पत्रं पाठवायला सुरुवात केली. वेल्डर मात्र फोटोसाठी येत राहिला.

रिपोर्ट रोज सकाळी माझ्या टेबलावर छापून यायचा. नंबर, वेळ, अडवलेला शब्द. शब्दाच्या मागचं-पुढचं काही छापलं जात नसे. जागा वाचावी म्हणून मीच तसं ठेवलं होतं. रमझान लागायच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी एकाच नंबरपुढे तीन ओळी दिसल्या. तिन्ही वेळा पुरुषाच्या त्या अवयवाचं इंग्रजी नाव. फाइल काढून नंबर पाहिला. वेल्डर.

मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. मुलाचा फोटो बघायला येणारा हा माणूस, असं मनात आलं. पण मी ठरवलं की आपण मोठेपणा दाखवायचा. त्याच्याविषयी कुणाला बोलायचं नाही.

बोलायची गरजच पडली नाही. रिपोर्टची एक प्रत मॅनेजरांकडे जायची. त्यांनी ती सुपरवायझरकडे पाठवली, ‘फॉर युअर ॲक्शन’ असं लिहून. सुपरवायझरने ती मेसच्या नोटीस बोर्डावर लावली. म्हणजे बाकीच्यांना धाक बसेल. नाव नव्हतं, नंबर होता, पण कॅम्पात नंबर म्हणजे नावच. दोन दिवसांनी मला कळलं तेव्हा मी जाऊन कागद काढला. तोपर्यंत सगळ्यांनी वाचला होता, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना इतरांनी वाचून दाखवला होता. वेल्डर दिसला की बाकं वाजवायचे म्हणे. तो जेवण खोलीवर न्यायला लागला. कॉम्प्युटरच्या खोलीत यायचा बंद झाला.

मी त्याला शॉपमध्ये गाठलं. हेल्मेट वर करून तो उभा राहिला. चेहरा काजळलेला. आसपास ग्राइंडिंगचा आवाज होता, म्हणून मी त्याच्या कानाशी जाऊन बोललो.

“होतं असं. घरापासून लांब राहतो माणूस. मनाला लावून घेऊ नका. विसरून जा.”

त्याने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाला, “व्हय साहेब,” आणि हेल्मेट खाली घेतलं.

मी परत ऑफिसात आलो. एका चुकलेल्या माणसाला आपण माफ केलं, असं वाटून मला जरा हलकंसुद्धा वाटलं होतं.

पुढे पाच-सहा महिने गेले. उन्हाळा तापला. एका सकाळी फोरमनचा फोन आला की वेल्डर शॉपमध्ये कोसळला, पाठ धरून बसलाय, खोकला थांबत नाही, सरकारी हॉस्पिटलात नेलंय आणि त्याला धड हिंदीही बोलता येत नाहीये, कुणीतरी मराठी पाहिजे. मी कंपनीच्या गाडीने गेलो. कॉटवरचा माणूस मी पटकन ओळखला नाही. गाल बसले होते. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला.

दोन दिवसांत तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला दुभाष्या म्हणून समोर बसवलं. वयस्क सुदानी गृहस्थ होते, शांतपणे इंग्रजीत बोलत होते. गाठ वृषणात सुरू झाली होती आणि आता पोटात, फुप्फुसांत गेली होती. मी ते शक्य तितकं सोपं करून वेल्डरला सांगितलं. त्याने मान हलवली. त्याला बहुधा आधीच कळलं होतं.

“किती दिवस झाले गाठ लागून?” डॉक्टरांनी विचारलं.

“रमझानच्या आदीपासनं.”

“मग इतके दिवस का थांबला? विचारा त्याला.”

मी विचारलं. वेल्डर छताकडे बघत बोलायला लागला. मधे खोकत होता, पण एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

“म्या इचारायला गेलतो की, साहेब. तुमच्या मशीनला. कंपनीच्या दवाखान्यात गेलो असतो तर चिठ्ठी हापिसात गेली असती, अन् व्हिसा क्यान्सल करून धाडलं असतं घरला. म्हनलं आदी आपलं आपन बगू काय हाय ते. आमच्या खोलीत एकाकडं डिक्शनरी हाय, तिच्यातनं शब्द काडले. अंडकोष. सूज. गाठ. कागदावर लिवून नेले. तीनदा मारलं. तीनदा ती लाल पाटी आली. वय दाखवा, कारन लिवा. मग गेलो कौंटरवर. टाइमकीपर म्हनला, क्या लिखूँ? मागं चार मानसं हुबी. त्यातला एक आमच्याच गावचा. काय सांगू त्याला? म्हनलं, कुछ नहीं, अन् आलो माघारी. मग ती नोटीस लागली.”

तो थांबला. मला वाटलं संपलं.

“अन् मग तुमी आला शॉपात. म्हनला, होतं असं. मला वाटलं, साहेबास्नी बी तसंच वाटतंय. तर मग कुनाला सांगायचं?”

डॉक्टर पेन हातात धरून माझ्याकडे बघत होते. “काय म्हणतो?”

मला सगळं सांगता आलं असतं. इंग्रजी येत होतं, वेळ होता. मी म्हणालो, “ही वॉज शाय, डॉक्टर.”

“ते सगळेच असतात,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “सुरुवातीला आला असता, तर बरा व्हायचीच शक्यता जास्त होती. ह्या आजारात तेवढंच एक चांगलं असतं.”

हे मी भाषांतर करून सांगितलं नाही. वेल्डर माझ्याकडे बघत होता. “म्या लई बोललो, साहेब. तुमी थोडंच सांगितलं.”

“मुद्द्याचं सांगितलं,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला सांगायचा प्रयत्न केला. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “तुला काय माहीत होतं? तू मुद्दाम थोडंच केलंस?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी डोळे मिटले की मला माझा डबा आणि त्याच्या शेजारी ठेवलेली ती यादी दिसायची. त्या वेळी खाल्लेल्या भाजीची चवसुद्धा आठवायची. मुलगी शेजारच्या खोलीत गृहपाठ करत होती. तिला वाचवण्यासाठी मी जे केलं, त्याने तिला काही फरक पडला नव्हता. घरचा कॉम्प्युटर वेगळा होता आणि बायकोने तो केव्हाच कपाटात टाकला होता.

मी मॅनेजरांकडे गेलो. पाटी काढून टाका, रजिस्टर बंद करा, निदान रिपोर्ट तरी नको, असं म्हणालो. काय झालं तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते दुष्ट नव्हते. वेल्डरच्या तिकिटाची आणि व्हीलचेअरची व्यवस्था त्यांनीच तातडीने केली होती.

“बहुत बुरा हुआ,” ते म्हणाले. “लेकिन रूल का क्या कसूर? देखो, चार महीने से रिपोर्ट में एक लाइन नहीं है. ज़ीरो. सिस्टम काम कर रहा है.”

“सर, एक लाइन इसलिए नहीं है कि कोई आता ही नहीं.”

“वही तो.”

मी स्वतःच्या अधिकारात यादीतले वीस-पंचवीस शब्द काढून टाकले. पंधरा दिवसांनी ते मॅनेजरांच्या लक्षात आलं आणि मला लेखी ताकीद मिळाली. शब्द परत घातले गेले. मी घातले. नोकरी गेली असती तर व्हिसा गेला असता, मुलीची शाळा गेली असती. ही सबब मी इथे देतोय खरी, पण तेव्हा मला ती देण्याचीही गरज वाटली नव्हती. मी खुर्चीत बसलो आणि एकेक शब्द पुन्हा टाइप केला.

वेल्डरला न्यायच्या दिवशी मी विमानतळावर गेलो होतो. व्हीलचेअरवर तो बाजूच्या माणसांच्या ट्रॉल्या बघत बसला होता, ब्लँकेटांची बोचकी, टीव्हीचे खोके. त्याच्याबरोबर एक बॅग होती. मी कागदावर काही तरी छापून आणलं होतं, त्या आजारावरच्या उपचारांची माहिती. माझ्या ऑफिसच्या मशीनवर तसली पानं अडवली जात नव्हती. ती मिरजेतल्या डॉक्टरांना दाखवा म्हणून मी कागद त्याच्या हातात दिले. त्याने घडी करून खिशात ठेवले.

“साहेब, त्या खात्यातला फोटो ऱ्हाईल न्हवं तसाच?”

“राहील.”

“तुमी बगा मदनं मदनं. न्हाई उगडलं की बंद करत्यात म्हनं.”

साडेतीन महिन्यांनी मेहुण्याची मेल आली. चार ओळींची. दाजी गेले, एवढंच आणि तारीख. मी दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहिलं तेव्हा तेही चारच ओळींचं झालं.

त्या वर्षाच्या अखेरीस खोली बंद केली. वापर नाही असं कारण दिलं. मशिनं हलवायला मीच गेलो होतो. काउंटरखाली बताक्यांच्या फोटोकॉपींचं खोकं उघडंच पडलं होतं. वरचे काही कागद कुणी तरी नेले होते. ते पुढे कळलं. दोघा-तिघांच्या नावावर परस्पर मोबाइल घेतले गेले, बिलं थकली आणि त्यातल्या एकाला गावी निघताना विमानतळावर थांबवलं. राहिलेले कागद मी तिथेच जमिनीवर बसून हाताने फाडले. तासभर लागला. शेवटी बोटं दुखायला लागली.

हल्ली वाचतो की अमुक देशाने कायदा केला, तमुक देशात येऊ घातलाय. प्रौढांच्या वेबसाइटवर जाणाऱ्याने आधी आपलं वय सिद्ध करायचं, ओळखपत्र दाखवायचं. बाजूने बोलणारे मुलांचं नाव घेतात आणि मनापासून घेतात. मी त्यांना खोटं ठरवू शकत नाही. सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेली माझी मुलगी मी पाहिलेली आहे. पण दारावर कागद मागणारा माणूस बसवला की आधी कोण परत फिरतं, तेही मी पाहिलंय. ज्या माणसाने कॅम्पात ते चित्र उघडलं होतं, तो आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही.

वेल्डर गेल्यावर दोन वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा मी मिरजेला गेलो. मेहुणा मोटरसायकलवर गावी घेऊन गेला. वेल्डरची बायको अंगणात उभी होती. तिने पाणी दिलं, मुलाला पाया पडायला लावलं. मी म्हणालो, वहिनी, मी त्यांच्या कंपनीतला. ती म्हणाली, ठाव हाय, ते सांगायचे तुमचं. मग ती भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

“साहेब, त्यांनी तितं काय वंगाळ केलं व्हतं का?”

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. काय विचारतेय ते मला कळलं होतं.

“गावात म्हनत्यात. घान चित्रं बगताना धरलं, बोर्डावर नाव लावलं, म्हनून कंपनीनं काडलं. तितं आपल्या गावचा एक हाय, त्यानं सांगितलं सुट्टीवर आल्यावर. सासूबाई जायस्तवर त्येच डोक्यात घिऊन गेल्या. मी त्यास्नी इचारलं न्हाई. आजारी मानसाला काय इचारायचं?”

मी तिला सगळं सांगितलं. ह्या वेळी काही गाळलं नाही. यादी मी केली, पाटी मी लिहिली, शॉपमध्ये मी काय बोललो आणि हॉस्पिटलात डॉक्टरांना काय सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. सांगून झाल्यावर ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता.

“मग ह्ये तुमी तवाच का न्हाई सांगितलं?” ती म्हणाली.

मी दारातल्या मुलाकडे बघितलं.

“आता तरी सांगा. माझ्यापाशी न्हवं. चार मानसांत सांगा.”

दूध डेअरीच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं असतात, तिथे मेहुणा मला घेऊन गेला. दहा-बारा जण होते, कॅन खाली ठेवून उभे राहिले. मी सांगितलं, जितकं सरळ सांगता येईल तितकं. तो आजाराची माहिती शोधत होता, मशीनने शब्द ओळखला आणि माणूस ओळखला नाही, त्यात त्याची काही चूक नव्हती. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. कुणी तरी चहा मागवला. मग कोपऱ्यातले एक पागोटेवाले गृहस्थ म्हणाले,

“साहेब, तुमी एवढ्या लांबनं आला, तुमी म्हनताय तसं आसंल बी. पर एवढी मोठी कंपनी, उगंच नोटीस लावंल व्हय मानसाची?”

बाकीचे चहा पीत राहिले. मी पुन्हा सांगायला सुरुवात केली, पण डेअरीची गाडी आली आणि सगळे आपापले कॅन उचलून रांगेत लागले.

मेहुण्याने मला मिरजेच्या स्टँडवर सोडलं. तो गाडीवरून उतरला नाही. “तुमी आला त्येच लई झालं,” असं म्हणाला आणि किक मारून निघून गेला. पुण्याची गाडी यायला अजून तास होता. मी फलाटाच्या बाकावर बसून राहिलो.